हवा कुठून जाते? : प्रस्तावना

बीपी मोजायच्या यंत्राची तबकडी ३०० वर संपते. माणसाचा काटा त्या टोकाला पोचलाच, तर डॉक्टर यंत्राकडे बघत बसणार नाहीत. टू-स्ट्रोक इंजिनाला मात्र ही तबकडी अंगाबरोबर शिवल्यासारखी बसते. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे ५.८ पीएसआय, आणि इंजिन हवाबंद आहे की नाही हे तपासायचं ते ५ ते ६ पीएसआयच्या आसपासच. आमच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी नवं यंत्र घेतलं तेव्हा जुन्याचा फुगा आणि तबकडी पोरांना खेळायला दिली होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही माझ्या टेबलावर होती. पोरांना बदल्यात काय दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण या पुस्तकाची सुरुवात त्या सौद्यातून झाली.

त्याआधी माझ्या आरएक्स १०० ने मला दीड वर्ष छळलं होतं. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, चार किलोमीटर झकास चालायची आणि गरम झाली की सिग्नलला उभ्या उभ्या आपोआप रेस धरायची. मूठ सोडली तरी आवाज खाली यायला वेळ घ्यायचा. कार्बोरेटर तीनदा साफ झाला. जेट बदलली, केबल बदलली, प्लगांची तर गणतीच सोडा. एका मेकॅनिकने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “हवा ओढतीये.” निदान शंभर टक्के बरोबर होतं. पण हवा कुठून ओढतीये हे त्याला कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याने जे हाताला लागतं त्यावर, म्हणजे मॅनिफोल्डच्या रबरावर, सोल्यूशन फासलं. पुढे खंबाटकी घाटात पिस्टन चिकटलं. बोअर मारून झाला, मोठ्या मापाचं पिस्टन आलं, नव्या रिंगा आल्या, आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा सिग्नलला रेस धरू लागली. सगळं काम वरचं झालं होतं. खालचं चेंबर कुणी उघडलंच नव्हतं.

मग एका रविवारी फुगा जोडला. काटा २५० वर नेला आणि हात सोडला, तर वीसेक सेकंदांत शून्य. मॅग्नेटचं झाकण काढून साबणाचं पाणी सोडलं. चक्रामागून फेस असा वर आला की जणू आत कुणी दात घासतंय. क्रँकच्या डाव्या टोकाचं ऑइल सील वाळून कडक झालं होतं. बोअरिंगच्या पावतीत त्या सीलची किंमत ‘इतर किरकोळ’ या ओळीत बसली असती.

हे पुस्तक एवढ्याशा गोष्टीबद्दल आहे. टू-स्ट्रोक इंजिनात हवा कुठून जाते ते घरी बनवलेल्या साधनाने, इंजिन न खोलता शोधायचं. ‘न खोलता’ हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे गाडी बिघडली की आधी खोलायची आणि मग विचार करायचा अशी रीत आहे. पण गळती ही जोडलेल्या इंजिनाची गोष्ट असते. नट सैल केला, पॅकिंग उचललं, की पुरावा गेला. मग टेबलावर मांडलेल्या भागांकडे बघून कुणी कितीही डोकं खाजवलं तरी हवा कुठून जात होती ते ते भाग सांगत नाहीत.

आता मुळात टू-स्ट्रोकलाच हा आजार एवढा का जडतो, ते पाहू. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची जागा म्हणजे ऑइलची खोली. तिथे थोडी हवा इकडची तिकडे झाली तर इंजिनाला फारसा फरक पडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तीच जागा पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल एकत्र आत येतं. पिस्टन खाली येताना ते मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात चढतं. म्हणजे एका फेरीत त्या चेंबरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबही असतो आणि जास्त दाबही. फट असेल तर पोकळीच्या वेळी कोरडी हवा आत शिरते. त्या हवेबरोबर पेट्रोल नसतं हे निम्मं दुखणं. उरलेलं निम्मं म्हणजे ऑइलही नसतं, कारण टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलाच्याच पाठीवर बसून येतं. मिश्रण पातळ झालं की जळणं गरम होतं, आणि नेमकं तेव्हाच वंगण आटतं. ॲल्युमिनियमचं पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतं. पुढचं खंबाटकी घाटात कळतं.

या रचनेचा जन्म एका झटक्यात झालेला नाही. स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्कने १८८१ मध्ये टू-स्ट्रोकचं पेटंट घेतलं, पण त्याच्या इंजिनात मिश्रण ढकलायला शेजारी वेगळा सिलिंडर होता. पिस्टनच्या खालच्या रिकाम्या जागेलाच पंप करायचं ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेची, १८९० च्या आगेमागे. त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉकने १८९२ मध्ये पिस्टनच्या कडेनेच आतली वाट उघड-बंद करायची सोय काढली आणि झडप काढून टाकली. तीन हलते भाग, झडप नाही, कॅम नाही, ऑइलची टाकी नाही. एवढ्या स्वस्त इंजिनाने मोटरसायकल, मोपेड, करवत, होडी, फवारणी पंप असं सगळं व्यापलं यात नवल नाही. पण डे-कॉकच्या या काटकसरीची एक अट होती, जी जाहिरातीत कधी छापली गेली नाही. चेंबर हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना शाफ्ट फिरता राहिला पाहिजे आणि तरी तिथून हवा जाता कामा नये. सगळी भिस्त दोन सीलांवर.

गंमत अशी की रक्तदाब मोजायचं रिवा-रोच्चीचं यंत्रही त्याच दशकातलं, १८९६ सालचं. दोन्ही गोष्टींची गाठ पडायला माझ्या टेबलापर्यंत यावं लागलं असं म्हणायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर जगभरच्या घरगुती कारागिरांनी हा फुगा माझ्या कितीतरी आधी वापरला आहे.

विसाव्या शतकात टू-स्ट्रोक शहाणा झाला तो मुख्यतः जर्मनीत. आडोल्फ श्न्यूर्लेने १९२० च्या दशकात आत येणाऱ्या मिश्रणाला सिलिंडरात वळण द्यायची रचना काढली. तिच्यामुळे पिस्टनवरचा उंचवटा गेला आणि पिस्टन सपाट, हलकं झालं. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ वर ती बसली आणि युद्धानंतर त्या गाडीच्या नकला इंग्लंडने, अमेरिकेने आणि जपानने केल्या. यामाहाची १९५५ सालची पहिली मोटरसायकल ही त्याच घराण्यातली. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडेनने सायलेन्सरच्या पोटात उलटणाऱ्या लाटांचा उपयोग करून १२५ सीसीमधून त्या काळी अशक्य वाटणारी ताकद काढली. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये ती विद्या घेऊन पश्चिमेकडे पळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. हेरगिरीच्या कादंबरीत शोभावा असा हा प्रसंग आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की त्या लाटांचं सगळं गणित चेंबर हवाबंद आहे असं धरून केलेलं असतं.

आपल्याकडे हे इंजिन घराघरात आलं. म्हैसूरची जावा आणि येझदी, पोलिश गाडीवरून बेतलेली राजदूत १७५, मुंबईच्या एपीआयची लॅम्ब्रेटा. १९७२ मध्ये एकाच वर्षी आकुर्डीहून चेतक आणि अहमदनगरहून लूना. १९८५ मध्ये आरएक्स १००, जी १९९६ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून जास्तच लाडकी झाली. बाहेरून सगळ्या टू-स्ट्रोक, पण आत हवा घेण्याच्या तऱ्हा तीन. येझदी आणि राजदूत १७५ मध्ये पिस्टनची कडच दार उघडते, थेट कॉकच्या पद्धतीने. चेतकमध्ये क्रँकची चकती फिरता फिरता दार उघड-बंद करते. आरएक्समध्ये पातळ पाकळ्यांची रीड झडप. राजदूत ३५० मध्ये तर दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र चेंबर, मधे चक्रव्यूहासारखं खाचांचं सील. तिथे एका बाजूची हवा भरून दोन्ही तपासले असं समजलात तर फसाल. ही विविधता ज्याला ठाऊक नाही तो एकाच पद्धतीने सगळ्यांना फुगा लावतो आणि चेतकमध्ये नसलेली गळती शोधत बसतो.

तपासणीच्या बाबतीत या धंद्यात घराणी आहेत. संगीतासारखीच, आणि एकमेकांबद्दल बोलतानाही तशीच.

सगळ्यात जुनं घराणं कानाचं आणि नाकाचं. गाडी चालू ठेवायची, संशय असेल तिथे पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारायचा आणि आवाज बदलतो का ऐकायचं. प्लग काढून रंग बघायचा. पांढरा असेल तर मिश्रण पातळ, काळा असेल तर जाड. या घराण्यातले उस्ताद मी पाहिलेत. सायलेन्सरच्या धुरात गिअर ऑइलचा वास ओळखून ते सांगतात, क्लचकडचं सील गेलं. आणि ते बरोबर असतात, कारण त्या बाजूचं सील फुटलं की चेंबर गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून घेतं, धूर पांढरट दाट होतो आणि गिअर ऑइल कुठे न सांडता कमी होत जातं. पण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची ही कला मी कुणाला शिकवणार नाही. या पुस्तकात ती नाही. शिवाय मॅग्नेटमागचं सील जिथे असतं तिथे फवारा पोचतच नाही.

दुसरं घराणं कारखान्यांच्या सर्व्हिस पुस्तकांचं. त्यात सगळ्यात काटेकोर मंडळी चेनसॉवाली. त्यांचं इंजिन लहान आणि फिरण्याचा वेग प्रचंड, त्यामुळे जराशी गळतीही महाग पडते. म्हणून ते दाबाची आणि पोकळीची अशी दोन्ही परीक्षा घेतात, त्यासाठी खास पट्ट्या आणि बुचं विकतात. तिसरं घराणं रेस आणि ट्यूनिंगवाल्यांचं. गॉर्डन जेनिंग्जचं टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरचं १९७३ चं पुस्तक या घराण्याची पोथी. पोर्ट कसे घासावेत, सायलेन्सर कसा आखावा, हे त्यात वाचून कितीतरी जणांनी इंजिनं सुधारली आणि कितीतरी जणांनी वाया घालवली. ज्यांची वाया गेली त्यांतल्या अनेकांनी आधी हवा तपासली नव्हती, असा माझा संशय आहे.

खरा वाद दाब विरुद्ध पोकळी हा. तो निव्वळ हट्टाचा नाही. ऑइल सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून असतो. आत दाब भरला की तो ओठ शाफ्टवर आणखी घट्ट बसतो, म्हणजे कमकुवत सीलसुद्धा परीक्षेला बसताना छाती काढून उभं राहतं. आत पोकळी केली की तोच ओठ शाफ्टपासून सुटू बघतो. त्यामुळे दाबाला पास झालेलं सील पोकळीत नापास होऊ शकतं. मग नुसती पोकळीच का नाही? तर पोकळीत साबणाचे बुडबुडे येत नाहीत. गळती आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. माझं मत असं की घरी काम करणाऱ्याने दाबापासून सुरुवात करावी, आणि दाबाला पास होऊनही गाडी रेस धरत असेल तर मोठी सिरिंज लावून पोकळी करून बघावी. ज्यांना हा क्रम उलटा हवा त्यांच्याशी माझं भांडण नाही.

नावाबद्दल थोडं. इंग्रजीतून आलेला ‘लीक-डाउन टेस्टर’ हा शब्द खरं तर दोन वेगळ्या वस्तूंना चिकटलेला आहे. फोर-स्ट्रोकवाले ज्याला ते म्हणतात त्यात दोन तबकड्या असतात, मधे बारीक छिद्र असतं, कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरात सोडतात आणि किती टक्के निसटते ते मोजतात. झडपा आणि रिंगा तपासायला ते उत्तम. आपल्याला एकच तबकडी, हातातला फुगा आणि घड्याळ पुरतं, कारण आपण टक्के मोजत नाही, दाब किती वेळ टिकतो ते मोजतो. दुसरं म्हणजे कॉम्प्रेशन गेज. ते पिस्टनच्या वरचं सांगतं आणि आपला आजार बहुतेक वेळा खाली असतो. ‘गळतीमापक’ असा शब्द मी काही दिवस वापरून पाहिला. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला पाण्याचा मीटर दाखवला. तेव्हापासून मीही टेस्टरच म्हणतो.

साधन बनवणं सोपं आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. पण एक भाग जवळून दाखवतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. हवा आत सोडायची कुठून? प्लगच्या भोकातून. जुना प्लग घ्या. बहुतेक मोटरसायकली आणि स्कूटरींना १४ मिलिमीटरच्या आट्यांचा लागतो. तो वाइसमध्ये धरा, वर जाड फडकं टाका, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि पांढरं चिनीमातीचं टोक हातोडीच्या एका फटक्याने मोडा. आतला गाभा ठोकून काढला की लोखंडी कवच उरतं. त्यात कॉम्प्रेसरवाल्याकडे मिळणारं पितळी निपल ॲराल्डाइटने बसवा आणि एक रात्र हात लावू नका. त्या निपलवर बीपीची रबरी नळी आपोआप घट्ट बसते. पिस्टन खालच्या टोकाला ठेवलं की बाजूच्या वाटा उघड्या असतात, म्हणजे प्लगच्या भोकातून भरलेली हवा खालच्या चेंबरमध्येही जाते आणि एकाच वेळी वरचं आणि खालचं दोन्ही तपासलं जातं. एक्झॉस्टचं तोंड जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा आणि तीन मिलिमीटरची पट्टी ठेवून बंद करायचं. मॅनिफोल्ड मात्र काढायचं नाही. कार्बोरेटर तेवढा काढून त्या जागी लेथवर घासून आणलेला नायलॉनचा गट्टू घालायचा आणि क्लॅम्प आवळायचा. कारण ते रबरही संशयितांपैकीच आहे. त्याला बाजूला ठेवून तपासणी करणं म्हणजे चौकशीआधीच एका आरोपीला घरी पाठवण्यासारखं.

आणि सगळ्यात आधी टेस्टर स्वतः गळतो का ते बघायचं. नळीचं टोक चिमट्याने बंद करा, काटा चढवा, पाच मिनिटं थांबा. माझ्या पहिल्या टेस्टरची टी-जोडणीच गळत होती, आणि तिच्या जोरावर मी एका मित्राच्या येझदीचं धडधाकट चेंबर उघडायला लावलं. मित्र अजून बोलतो, पण गाडी दाखवत नाही.

दुसरी चूकही माझीच. फुगा हरवला म्हणून सायकलचा पायपंप लावला. पायपंपाला ६ पीएसआय म्हणजे अर्धी ढकल. काटा कुठे गेला ते कळलंच नाही, ‘फट्’ असा आवाज आला आणि सील आपल्या जागेवरून बाहेर. चांगलं सील होतं ते. बीपीच्या फुग्याची खरी खुबी ही आहे की तो जास्त जोर करूच शकत नाही. ज्या हातांना कॉम्प्रेसरची सवय आहे त्यांना हे लहान मुलाचं खेळणं वाटेल, आणि नेमक्या त्याच हातांसाठी ते सुरक्षित आहे.

आता प्रश्न उरतो किती गळती म्हणजे गळती. प्रचलित अंगठेनियम असा की मिनिटाला एक पीएसआय, म्हणजे बीपीच्या तबकडीवर साधारण ५० मिलिमीटर, यापेक्षा जास्त पडता कामा नये. हा आकडा कुराणातला नाही, गीतेतलाही नाही. समजा नळीसकट आतली जागा ४०० घनसेंटिमीटर आहे. तिथे मिनिटाला एक पीएसआय पडला म्हणजे साधारण २७ घनसेंटिमीटर हवा गेली, दोन मोठे चमचे. स्लोवर चालणारं इंजिनही मिनिटाला लिटरांनी हवा ओढतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण तोच दर ग्रास कटरच्या इवल्या चेंबरला आणि राजदूत ३५० च्या चेंबरला सारखा लावणं चूक आहे, कारण तेवढीच फट लहान जागेला पटकन रिकामी करते आणि मोठ्या जागेला सावकाश. आकड्यामागचा हा हिशोब कळला की आकडा पाठ करायची गरज उरत नाही.

आणखी एक फसवा पाहुणा म्हणजे ऊन. बंद हवेचं तापमान दहा अंशांनी बदललं तर दाब सुमारे तीन टक्क्यांनी बदलतो. हे टक्के काट्यावरच्या आकड्याचे नव्हेत, बाहेरच्या हवेचा दाब धरून होणाऱ्या एकूण दाबाचे. म्हणजे काटा ३०-३५ मिलिमीटरने हलतो. नुकती चालवून आणलेली गाडी सावलीत लावून तपासलीत तर निवता निवता ती गळती नसताना गळती दाखवेल. उलट सकाळची गार गाडी उन्हात ठेवलीत तर खरी गळती झाकली जाईल. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सावलीतच तपासा. महाराष्ट्रातल्या एप्रिलमध्ये ही सूचना दोनदा वाचावी.

हे सगळं आता कशाला, असं एखादा विचारेल. टू-स्ट्रोक दुचाकी धुराच्या नियमांनी केव्हाच रस्त्यावरून उतरवल्या. उतरवल्या ते बरंच झालं, असं मीही मानतो. चौकात उभं राहून त्यांचा धूर ज्याने गिळलाय त्याला त्यांच्याबद्दल फार गहिवर येऊ नये. पण ज्या उरल्या त्या आता हौसेने जपल्या जातात, आणि जपणं म्हणजे बहुतेक वेळ उभ्या ठेवणं. उभ्या गाडीचं सील चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतं. ऑइल न लागलेलं रबर वाळतं आणि शाफ्टवर एकाच जागी बसून आकार धरतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ऐंशीच्या दशकातल्या रबराची ओळख त्या इथेनॉलशी कधी झालेली नव्हती. काही रबरं त्यात फुगतात, काही कडक होतात. आणि कान-नाक घराण्याचे उस्ताद दुकानं मिटवतायत. त्यांच्या पोरांना फोर-स्ट्रोक आणि स्कॅनर येतो, आणि यायलाच हवा.

दुसरी बाजू शेताची, जिच्याबद्दल गाडीवेडे बोलत नाहीत. टू-स्ट्रोक संपलेला नाही, तो रस्त्यावरून पाठीवर गेला. पाठीवरचा फवारणी पंप, बांधावरचा ग्रास कटर, बागेतली चेनसॉ ही सगळी तीच डेची मशिनं. कोकणात पावसाळाभर रान कापणाऱ्याला इंजिन बंद पडलं तर दिवस बुडतो, आणि बऱ्याच मशिनांना जवळपास सर्व्हिस सेंटर नसतं. बंद पडलेलं मशिन कोपऱ्यात जातं, नवं येतं. कोपऱ्यातल्यांपैकी किती नुसत्या पॅकिंगपायी गेली असतील हे बघायला दहा मिनिटं आणि एक फुगा पुरे. माझ्या मते या पुस्तकाचा खरा वाचक तो आहे, आरएक्सवाला नंतर.

म्हणून पुस्तकाची भाषा गॅरेजमधली ठेवली आहे. गॅस्केटला पॅकिंगच म्हटलं आहे, क्रँककेसला चेंबर. साहित्य तालुक्याच्या गावात मिळेल असंच निवडलं आहे: मेडिकल, सायकलचं दुकान, हार्डवेअर आणि एक लेथवाला. पोर्ट घासणं, सायलेन्सर कापणं, ताकद वाढवणं यातलं काही इथे सापडणार नाही. सील बदलायचं कसं हेही जुजबीच आहे, कारण ते काम हाताखाली शिकायचं असतं, पानावरून नाही. इथे फक्त कुठे आणि किती, एवढंच. मेकॅनिककडे जाऊन “डावीकडचं सील, बाकी ठीक आहे” असं सांगता आलं तर पुस्तकाचं काम झालं. काही मेकॅनिकांना ते आवडणार नाही. बहुतेकांना आवडतं, हे अनुभवाने सांगतो, कारण ‘हवा ओढतीये’ हे त्यांना आधीपासून माहीत असतं. नुसता पत्ता हवा असतो.

शेवटची काही पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत, वर फक्त रकाने आखून: गाडी, तारीख, सुरुवातीचा काटा, पाच मिनिटांनंतरचा काटा, बुडबुडा कुठे. गाडी धडधाकट असतानाच पहिली नोंद करा, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी राहील. आणि पेन्सिलने लिहा. ऑइलच्या हातांनी पेन चालत नाही.